ताट आणि तोंड यांच्यामधलं अंतर

तुम्ही विचारलेत ते खरं तर दोन प्रश्न आहेत. साहित्यातली लक्षात राहिलेली जेवणं कोणती, हा एक. दुसरा तुम्ही जाता जाता विचारलात, पण कळीचा तोच आहे. तुमच्या कादंबरीत वडील गेल्यानंतर दोन भाऊ पहिल्यांदाच एका टेबलाशी जेवायला बसतात. त्या जेवणाला तुम्ही साडेतीन पानं दिलीत, एकही पदार्थ सोडला नाहीत, आणि तरी ज्यांनी ज्यांनी मसुदा वाचला ते म्हणाले की ती पानं आम्ही नुसती चाळली. असं का व्हावं?

पंचवीसेक वर्षं मी कथा-कादंबऱ्यांची हस्तलिखितं तपासतोय, अधूनमधून अनुवादही करतो. हस्तलिखितात जेवणाचा प्रसंग आला की 'चविष्ट', 'रुचकर', 'अप्रतिम' आणि 'तोंडाला पाणी सुटेल असा' ही मंडळी न बोलावता येऊन बसलेली असतात. त्यांना उठवलं की अर्धं पान रिकामं होतं, आणि उरलेल्या अर्ध्यात यादी असते. मीही याला अपवाद नव्हतो. माझ्या पहिल्या कथेत एक मेजवानी होती. तिच्या समासात एका संपादकांनी पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं: 'वाढून झालं. आता कोणी जेवणार आहे का?' तेव्हा राग आला. पुढे दुसऱ्यांच्या हस्तलिखितांवर तेच वाक्य मी किती वेळा लिहिलं, मोजलेलं नाही.

तेव्हापासून मनात पक्कं बसलंय ते असं: चव लिहिता येत नाही. लिहिता येतं ते ताट आणि तोंड यांच्यामधलं अंतर. घास तोंडात जाईपर्यंत माणसाचं जे काही होतं, तेच वाचकाच्या लक्षात राहतं.

चव का लिहिता येत नाही? एक तर शब्द फार थोडे. षड्रस म्हणजे सहाच, आणि तेही जागेवर राहत नाहीत. संस्कृतात 'कटु' म्हणजे तिखट आणि 'तिक्त' म्हणजे कडू. मराठीत त्याच 'कटु'चं 'कडू' झालं आणि तिखटासाठी वेगळा शब्द आला. इतक्या निसरड्या शब्दांवर साडेतीन पानं उभी करणं अवघडच. गंमत म्हणजे आपल्या काव्यशास्त्राने 'रस' हा शब्द स्वयंपाकघरातूनच उचललाय. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरत म्हणतो की नाना व्यंजनांनी संस्कारलेलं अन्न खाताना सुमनस, म्हणजे प्रसन्न मनाचा, माणूस जसे रस चाखतो, तसाच प्रेक्षक भाव चाखतो. यातल्या 'सुमनस'वर बोट ठेवा. अन्न तेच असलं तरी खाणाऱ्याच्या मनाची अट भरताने घातलीच आहे.

आता उदाहरणं. पहिलं अशा कथेचं, जिच्यात कोणी काहीच खात नाही. चेखवची 'सायरन', 1887 सालची. न्यायाधीशांचं कामकाज संपलंय, सगळ्यांना घरी जाऊन जेवायचंय, पण अध्यक्षांना एका खटल्यात आपलं वेगळं मत नोंदवायचंय, म्हणून सगळे खोळंबलेत. चिटणीस हलक्या आवाजात एका सहकाऱ्याला सांगू लागतो की भुकेल्या पोटी घरी पोचल्यावर आधी काय घ्यावं, मग काय, त्यावर काय. कुजबुज अध्यक्षांच्या कानावर जाते आणि त्यांचा कागद बिघडतो. दुसरा घेतात, तोही बिघडतो. एकेक न्यायाधीश टोपी उचलून घराकडे सुटतो. आपल्याला त्या पदार्थांची चव कळते म्हणून आपण हसत नाही. बिघडणारे कागद दिसत असतात, म्हणून हसतो. पदार्थांची यादी तिथेही आहेच, चांगली लांबलचक, पण प्रत्येक पदार्थ कोणाचा तरी निश्चय पोखरत असतो. तुमच्या यादीत आणि चेखवच्या यादीत फरक एवढाच आहे.

खाद्यवर्णनाचा विषय निघाला की प्रूस्तचं मादलेन येतंच. 1913 साली आलेल्या पहिल्या खंडात निवेदक चहात बुडवलेला केकचा तुकडा तोंडात घालतो आणि हरवलेलं अख्खं बालपण वर येतं. लोकांना वाटतं की तिथे चवीचं अफाट वर्णन असणार. जाऊन पाहा, जवळजवळ नाहीच. केकचा शिंपल्यासारखा, घड्या पडलेला आकार आहे, पण चव कशी होती ते धड सांगितलेलंच नाही. उलट केक नुसता पाहून काहीच आठवलं नव्हतं, हे मुद्दाम सांगितलंय. मग तो दुसरा घोट घेतो, त्यात पहिल्यापेक्षा जास्त काही सापडत नाही. तिसऱ्यात त्याहून कमी. तेव्हा तो कप खाली ठेवतो आणि स्वतःच्या मनात खणू लागतो. पुढची पानं त्या खणण्याची आहेत. आणि सुरुवातीच्या मसुद्यांत हे मादलेन नव्हतंच, भाजलेला पाव होता. पदार्थ बदलला तरी प्रसंग टिकला, यावरून त्याचं वजन पदार्थावर किती कमी होतं ते कळतं.

दोन गरम घासांबद्दल मात्र मला जरा सावकाश बोलायचंय. नवोदितांना शिकवताना मी हे दोन उतारे शेजारी शेजारी ठेवतो.

पहिला हेमिंग्वेचा, 'बिग टू-हार्टेड रिव्हर' या 1925 सालच्या कथेतला. निक दिवसभर ओझं वाहून चाललाय, तंबू ठोकलाय आणि आता डब्यातल्या शेंगांच्या बिया आणि स्पॅगेटी एकत्र गरम करून ताटलीत घेतलीय. वरून टोमॅटो केचप. प्रचंड भूक लागलीय, पण अन्न अजून फार गरम आहे हे त्याला ठाऊक आहे. तो विस्तवाकडे बघतो, तंबूकडे बघतो. जीभ भाजून सगळं वाया घालवायचं नाही, असं त्याने ठरवलंय. तळलेली केळी गार होईपर्यंत कधी धीर धरवला नाही, म्हणून वर्षानुवर्षं त्यांची मजा घेता आली नाही, हेही त्याला आठवतं. मग पहिला घास. बस, एवढंच. ही कथा युद्धावरून परतलेल्या माणसाची आहे आणि तिच्यात युद्धाचा उल्लेख नाही, असं हेमिंग्वेनेच पुढे लिहून ठेवलंय. ते माहीत नसलं तरी चालतं. भुकेला माणूस ताटलीसमोर हात आवरून बसलाय, याचाच अर्थ हा माणूस स्वतःला फार जपून हाताळतोय, हे त्या दोन-चार वाक्यांत कळतं.

दुसरा उतारा प्रेमचंदांच्या 'कफन'मधला. थंडीची रात्र, झोपडीत माधवची बायको बाळंतपणाच्या कळांनी तडफडतेय, आणि बाहेर बाप-लेक, घीसू आणि माधव, कोणाच्या तरी शेतातून उपटून आणलेले बटाटे भाजताहेत. बाप म्हणतो, जा, जरा बघून ये. माधव जात नाही, कारण तो आत गेला तर बाप बटाट्यांचा मोठा वाटा संपवेल. आणि मग ते खाणं. कालपासून पोटात काही नाही, निवू द्यायला धीर नाही. सोललेला बटाटा बाहेरून फारसा गरम वाटत नाही, पण दाताखाली आला की आतला भाग जीभ, घसा, टाळू सगळं पोळतो. तो निखारा तोंडात ठेवण्यापेक्षा लवकर पोटात ढकललेला बरा, म्हणून दोघं भराभर गिळतात. डोळ्यांत पाणी येतं. आत बाई मरतेय आणि बाहेर यांच्या डोळ्यांत पाणी आहे ते बटाट्याचं. प्रेमचंद ते बोट दाखवून सांगत नाहीत, नुसतं आसू आले म्हणतात आणि पुढे जातात. लगेच घीसूला वीस वर्षांपूर्वीच्या ठाकुराच्या लग्नातलं जेवण आठवतं, आणि तिथे मात्र प्रेमचंद यादी देतात: पुऱ्या, कचोऱ्या, चटणी, रायतं, भाज्या. भाजलेला बटाटा गिळणाऱ्याच्या तोंडून येते म्हणून ती यादी काळजात घुसते. हीच यादी लग्नाच्या प्रसंगात लेखकाने स्वतः दिली असती तर मी समासात काय लिहिलं असतं ते वर सांगितलंच आहे.

एक माणूस थांबू शकतो, दोघं थांबू शकत नाहीत. दोन्हीकडे घास तेवढाच गरम आहे. सगळी कथा त्या थांबण्या-न-थांबण्यात आहे.

भुकेचं लेखन मेजवानीच्या लेखनापेक्षा बहुतेकदा सरस उतरतं, असं माझं मत आहे. सोल्झेनित्सिनच्या 1962 सालच्या कादंबरीतल्या इव्हान डेनिसोविचचं, सोव्हिएत श्रमछावणीतल्या कैद्याचं, सूप घ्या. कितीही गारठा असो, तो टोपी काढल्याशिवाय जेवत नाही. चमचा बुटात खोचलेला, स्वतः ओतून घडवलेला. सूप गार झालंय, पण छप्पर पेटलं तरी घाई करायची नाही. मासा आला तर कल्ले, शेपटी सगळं खायचं. डोळेसुद्धा, पण ते माशाच्या जागच्या जागी असतील तरच. सुटून वेगळे तरंगत असतील तर नाही. यावर बाकीचे कैदी त्याला हसतात. त्या डोळ्यांपाशी मी दरवेळी थबकतो. उपाशी माणसाने आखलेली ही शेवटची रेघ आहे. लेखकाने त्याच्या स्वाभिमानावर परिच्छेद लिहिला असता तर मी तो विसरलो असतो, माशाचे डोळे विसरता येत नाहीत. आणि तिथलाच हिशेब बघा: झोप सोडली तर छावणीतला माणूस स्वतःसाठी जगतो तो सकाळी न्याहारीची 10 मिनिटं, दुपारी 5 आणि रात्री 5. हे समजल्यावर तो चमचा किती सावकाश चालत असेल, ते सांगावं लागत नाही.

गरिबी कळण्याचा सर्वात हळुवार प्रसंग मला विभूतिभूषणांच्या 'पथेर पांचाली'त (1929) सापडला. लहानगा अपू वडिलांबरोबर एका सधन घरी जातो आणि तिथे त्याला मोहनभोग मिळतो. इतकं तूप की बोटं माखून जातात. अपूने घरी हट्ट केला की आई मोहनभोग म्हणून जे करायची, तो रवा पाण्यात शिजवून त्यात गूळ घातलेला एक लगदा असायचा. आता अपूला राग येत नाही, फसवल्यासारखंही वाटत नाही. त्याला आईची कीव येते. असाही मोहनभोग असतो हे बहुधा आईला ठाऊकच नसेल! मला अनुवादक म्हणून या जागेचा हेवा वाटतो. गोड पदार्थाचं वर्णन करायला बसलेला लेखक तुपाचं, वासाचं, रंगाचं काहीबाही सांगत बसला असता. इथे चव जिभेवर लागते आणि थेट घरी, आईपर्यंत जाऊन पोचते.

तर मग संपन्न मेजवान्या लिहूच नयेत का? लिहाव्यात, पण त्यांनाही अंतर लागतं. लाम्पेदूसाच्या 'द लेपर्ड'मध्ये (1958) सरदाराच्या घरी जेवायला आलेले पाहुणे मनातून धास्तावलेत, कारण बाहेरच्या देशांतल्या फॅशनप्रमाणे आधी पातळ सूप येईल अशी त्यांना भीती आहे. दार उघडतं आणि नोकर मॅकरोनीची बुरुजाएवढी पेस्ट्री घेऊन येतात. आधी ती भीती रचलीय, म्हणून पेस्ट्रीला आपणही सुटकेचा श्वास सोडून दाद देतो. मग वर्णन बाहेरून आत जातं. सोनेरी कवच, साखर-दालचिनीचा वास, सुरी घातल्यावर वाफ, आणि मग आतला सगळा ऐवज, कोंबडीची काळिजं, उकडलेली अंडी वगैरे. लेखक तिथेच थांबला असता तर ती एक चांगली पाककृती झाली असती. तो पुढे खाणाऱ्यांच्या तोंडाकडे वळतो. एक डोळे मिटून खातो, एका तरुणाच्या मनात शेजारच्या मुलीचे विचार आहेत, आणि यजमान सरदार त्या मुलीकडे बघता बघताही मनात नोंद करतो की सॉस जरा जड झालाय, उद्या आचाऱ्याला सांगायला हवं. पदार्थ एक, तोंडं अनेक.

कारेन ब्लिक्सेनने (पुस्तकावर नाव आयझॅक डिनेसन) 'बाबेट्स फीस्ट'मध्ये (1950) याच्या उलटी चाल केलीय. टेबलाशी बारा जण, त्यातले जवळजवळ सगळे धर्मभीरू, आणि त्यांनी शपथ घेतलीय की जेवणाबद्दल एक शब्दही काढायचा नाही. समोर येतंय ते पॅरिसच्या नामांकित आचारिणीने केलेलं जन्मात एकदा मिळावं असं जेवण. बाहेरून आलेला एकटा जनरल दचकतो, पदार्थ ओळखतो, नावं घेतो, आणि शेजारी शांतपणे भलत्याच विषयावर उत्तर देतात. आपण हसतो आणि मनातून जळतो. जेवण कसं होतं हे त्या मौनातून कळतं. बारा जणांनी बारा कौतुकं केली असती तर आपल्याला काहीच कळलं नसतं.

थाटाच्या बाकी नमुन्यांवरून भरभर जातो. जॉइसच्या 'द डेड'मध्ये टेबल म्हणजे समोरासमोर ठाकलेली दोन सैन्यं आहेत आणि बाटल्या गणवेशाच्या रंगांप्रमाणे रांगेत उभ्या आहेत. प्राचीन रोमन लेखक पेत्रोनियसच्या त्रिमाल्किओ या धनाढ्य यजमानाकडे भाजलेल्या रानडुकरातून जिवंत पक्षी उडतात, आणि अन्नापेक्षा यजमानाची हौस जास्त ओंगळ वाटते, तेच लेखकाला हवं आहे. फ्लोबेरने एमा बोव्हारीच्या लग्नाचा तीन मजली केक तपशीलवार बांधलाय: खाली पुठ्ठ्याचं देऊळ, वर किल्ला, त्यावर जॅमची तळी आणि चॉकलेटच्या झोपाळ्यावर मदन. पण मला विचाराल तर केक विसरलात तरी चालेल. पुढे संसारात, खालच्या खोलीत नवऱ्यासमोर जेवताना, उकडलेल्या मांसाच्या वाफेबरोबर आयुष्याचा सगळा कडवटपणा आपल्या ताटात वाढल्यासारखा एमाला वाटतो. नवरा सावकाश खातोय. ती सुरीच्या टोकाने टेबलावरच्या मेणकापडावर रेघा ओढत बसते. त्या रेघा लक्षात ठेवा.

डिकन्सचा 'ख्रिसमस कॅरल'मधला (1843) एक तपशील सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. क्रॅचिट कुटुंबाचं हंसाचं जेवण सगळ्यांना माहीत असतं. पण त्यातली धाकटी पोरं आपली पाळी यायच्या आधी 'हंस द्या' म्हणून ओरडू नये म्हणून तोंडात चमचे कोंबून बसतात. आणि शेवटी येणारं पुडिंग एवढ्या मोठ्या कुटुंबाला लहान आहे असं कोणी म्हणत नाही, कोणाच्या मनातही येत नाही. आता 'पुडिंग फार स्वादिष्ट होतं' हे वाक्य याच्या शेजारी ठेवून पाहा.

आपल्याकडे तर याचा जुना दाखला आहेच. भागवतातल्या सुदाम्याच्या पोह्यांची चव कशी होती? कृष्ण 'मला फार आवडतात' म्हणतो, त्यापुढे काही नाही. सुदामा लाजेने पुरचुंडी लपवतो, कृष्ण ती ओढून घेतो, एक मूठ खातो, दुसरी उचलतो आणि रुक्मिणी त्याचा हात धरते. लपवणं, ओढणं, धरणं. सगळी गोष्ट हातांची आहे.

व्हर्जिनिया वूल्फने 1929 साली 'अ रूम ऑफ वन्स ओन'मध्ये कादंबरीकारांना टोमणा मारला होता की मेजवान्यांत कोण काय चतुर बोललं ते हे लोक सांगतात, पण काय खाल्लं त्यावर शब्द खर्च करत नाहीत. मग तिने स्वतः पुरुषांच्या कॉलेजातलं भरगच्च दुपारचं जेवण आणि स्त्रियांच्या कॉलेजातलं पाणचट सूप आणि सुके प्लम शेजारी शेजारी मांडले. त्या दोन ताटांतून पैसा कोणाकडे आहे ते दिसतं. तुमची चूक मात्र तिच्या कादंबरीकारांच्या उलटी आहे. खाल्लं काय ते तुम्ही सगळं सांगितलंत, आणि जेवणारे दोघं त्यात बुडाले.

म्हणून शेवटी होमर, कारण तुमचा प्रसंग थेट त्याच्या दारात उभा आहे. दुःखातला माणूस जेवतो का? ऑल्डस हक्सलीने 1931 सालच्या एका निबंधात 'ओडिसी'तल्या बाराव्या सर्गाकडे बोट दाखवलं होतं. राक्षसीने ओडिसियसचे सहा सोबती उचलून नेलेत. वाचलेले किनाऱ्याला लागतात, नीट स्वयंपाक करतात, पोटभर जेवतात, आणि मग मेलेल्यांना आठवून रडतात. आधी जेवण, मग रडणं. दुसरा कोणी कवी असता तर त्याने त्यांना उपाशी ठेवून रडवलं असतं, असं हक्सलीचं म्हणणं.

'इलियड'च्या चोविसाव्या सर्गात तर म्हातारा प्रायम आपल्या मुलाला मारणाऱ्या अकिलीसच्या तंबूत प्रेत मागायला आलाय. मुलगा मेल्यापासून त्याने अन्नाला शिवलेलं नाही. अकिलीस त्याला सांगतो की बारा लेकरं गमावलेल्या नायोबीलाही शेवटी जेवणाची आठवण झालीच. मग मेंढी कापतात, तुकडे करून सळ्यांवर भाजतात. एक सोबती टोपल्यांतून भाकर ठेवतो, मांस अकिलीस स्वतः वाढतो. होमर त्यासाठी नवं एक विशेषणही खर्च करत नाही. इतर कुठल्याही जेवणाला वापरतो त्याच ठरावीक ओळी इथेही. जेवण होतं आणि मग ते दोघं एकमेकांकडे बघत राहतात, आश्चर्याने.

आता तुमची साडेतीन पानं. मी ती दोनदा वाचली. पदार्थांची नावं दोन ठेवा, बाकी काढा. विशेषणं सगळी काढा. दुसऱ्या पानाच्या तळाशी तुमच्याच हातून एक वाक्य पडून गेलंय, तुम्हाला बहुधा आठवतही नसेल: धाकटा न विचारता पाण्याचा जग उचलून थोरल्याच्या डाव्या बाजूला ठेवतो, कारण थोरला लहानपणापासून डावखुरा. दोघं वाटणीवरून चार वर्षं बोललेले नाहीत. तुम्ही हे एका ओळीत उरकून पुढच्या पदार्थाकडे वळलात. प्रसंग त्या पाण्याच्या जगापासून सुरू करा. थोरला पाणी ओतून घेतो की नाही, एवढं मला कळवा.